काचेचे दोन दोरे

राउटर कपाटावर असतो, लोणच्याच्या बरणीशेजारी.
खाली ठेवला तर आतल्या खोलीत रेंज नाही,
बाहेर ठेवला तर हे येता-जाता
त्याच्या काडीला ओला टॉवेल अडकवतात.
चार दिवे. तीन हिरवे.
चौथा एरवी झोपलेला, त्याच्याखाली
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय : लॉस.
माझं काम हिशेबाचं.
हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

दिवसा मी रावपुऱ्यातल्या एका औषधांच्या पेढीची
येणी-देणी जुळवते.
रात्री साडेदहानंतर, ओटा पुसून झाला की,
मी श्रीखंड-सात.
डोक्यावर हेल्मेट, पाठीवर बंदूक,
संगतीला भूजचा एक पोरगा,
शारजात टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ
आणि 'कडुनिंब',
जो गाव सांगत नाही, माइक लावत नाही,
बारा वर्षांचा असेल किंवा साठ.

पिंग अडतीस असला तर माझा नेम बघावा.
एकशेचाळीसला मी दारातून आत जाते
आणि पुन्हा दारातच उभी असते,
नव्याने सासरी आल्यासारखी.
नऊशे नव्याण्णवला
मी आज झाडलेली गोळी उद्या लागते.
मधल्या वेळात मी मेलेली असते
आणि मला कुणी कळवलेलं नसतं.

आमची केबल दांडिया बाजारातल्या खांबावरून निघते,
कंसाराबेनच्या गच्चीवर
वाळत घातलेल्या खिचिया पापडांवरून
आमच्या खिडकीत येते.
पापडांना काही होत नाही.

चौदा जानेवारी. सबंध बडोदं गच्चीवर.
पिपाण्या, उंधियू, उन्हाने लाल झालेली नाकं.
मी खाली, पडदे ओढून.
शेवटचं वर्तुळ. आम्ही चौघं, समोर दोघं.
वरून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं,
"ए काप्योऽऽ!"
आणि माझ्या हातातलं जग थिजलं.
धावणारा पाय तसाच वर.
चौथा दिवा उघडला.

तक्रार नोंदवली. बाईचा आवाज गोड होता,
तीन भाषांत गोड होता.

अल्ताफ आला तो दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला,
अंगठ्याला पट्टी बांधलेली.
शिडीवरून म्हणाला,
मांजा म्हणजे काच लावलेला दोरा ना बेन,
आणि आ फायबर, दोरा झालेली काच.
काचेनेच काच कापली.
मग त्याने दोन्ही टोकं सोलली,
पुसली, डोळ्यांजवळ नेली,
यंत्रात समोरासमोर निजवली.
मी म्हटलं, जरा दाबून बसव बाबा, पुन्हा तुटायला नको.
"जोर नहीं, सीध जोईए," तो म्हणाला.
ठिणगी झाली, मोहरीएवढी.
चिक्की घेतली, चहाला थांबला नाही.
अजून सतरा घरं लाल आहेत म्हणाला.

रात्री उघडलं तर कडुनिंबाचा निरोप कालचाच पडलेला :
'तू भिंतीले धडका देत होती.
मी समोर बसून रायलो. धूर सोडला चारी बाजूनं.'

भिंतीले.
म्हणजे अकोला-अमरावतीकडचा कुणी.
दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

मी लिहिलं, मग?
'मंग काय. मेलो. तू आधी.'
मी लिहिलं, सोडून जायचं होतंस की, जिंकला असतास.
त्यावर काही नाही.
थोड्या वेळाने :
'झालं काय होतं पन?'
पतंग, मी लिहिलं.

तीन ठिपके हलत राहिले, थांबले, पुन्हा हलले.
लाइन त्याची अडली होती की माझी, कळेना.
बाहेर खांबावर मांज्याचा गुलाबी तुकडा
अजून वळवळत होता.
पिंग एकेचाळीस.
सध्या.